दुसरी आंघोळ

आक्का,

तुझ्या नावाने मी दोनदा आंघोळ केली. पहिल्यांदा केली तेव्हा तू जिवंत होतीस आणि घरातल्या सगळ्यांना ते माहीत होतं. दुसऱ्यांदा केली तेव्हा तू खरोखरच वारली होतीस आणि घरात एका माझ्या बायकोशिवाय, अश्विनीशिवाय, कुणाला त्याचा पत्ता नव्हता. पहिली आंघोळ आपल्या घरामागच्या परड्यात, आप्पांच्या देखत, उजळ माथ्याने केली. दुसरी गडहिंग्लजच्या बाहेर, उसाच्या कडेला, एका परक्या माणसाच्या शेतातल्या मोटारीच्या पाण्यावर, चोरून. यातली जास्त लाजिरवाणी कुठली ते ठरवायला बसलो की काही ठरत नाही, म्हणून तुझ्याशीच बोलतो. तू फोनवर म्हणायचीस ना, "सागऱ्या, तू ऐकतोस लई, बोलत काय न्हाईस." तर आज बोलतो. वेळ चुकली आहे, मला कळतंय.

संजय दाजींची जात इथे लिहीत नाही. लिहिली की वाचणारे आधी तेवढीच बघतात आणि मग आपापल्या सोयीने मान डोलावतात. ते आपल्यातले नव्हते, एवढं पुरे. तू तेवीस वर्षांची होतीस. रजिस्टर लग्न केलंस आणि आप्पांनी पोलीस चौकीत तक्रार दिली तेव्हा स्वतःच्या पायाने चौकीत आलीस. मी आप्पांच्या मागे उभा होतो. साहेबाने दाजींना खुर्ची दिली, चहा मागवला. तुला उभंच ठेवलं. तू म्हणालीस, "मी सज्ञान हाय, माझ्या मर्जीनं लगीन केलंय." साहेब म्हणाला, "कायद्यानं मला काय करता येत न्हाई बाई. पर बापाच्या तोंडाला काळं फासलंस, हे ध्यानात ठेव." लग्न दोघांनी मिळून केलं होतं, काळं मात्र तू एकटीने फासलं होतंस. दाजी कावरेबावरे होऊन खुर्चीतून उठले आणि तुझ्याशेजारी उभे राहिले. त्या माणसाबद्दल मला तेव्हापासून आदर आहे, आणि तो मी त्यांना कधी दाखवला नाही.

चौकीतून आल्यावर आप्पांनी परड्यातल्या पिंपाचं झाकण काढलं. "डोक्यावरनं घे," मला म्हणाले. मी सवयीने साबणाकडे हात नेला, तर अगदी शांतपणे म्हणाले, "मयताच्या आंघोळीला साबण लावत न्हाईत." मग मी नुसतं पाणी ओतून घेतलं. ते गार होतं आणि खरं सांगायचं तर मला तेवढंच कळत होतं. आईची आंघोळ आत न्हाणीत झाली. दाराखालून पाणी वाहत आलं, ते आप्पांनी बघितलं आणि मान हलवली. झालं. आमच्या घरची वैशाली वारली. त्या रात्री जेवायला भात आणि आमटी होती आणि मला सपाटून भूक लागली होती.

पुढे कधीतरी मी तुला हे सगळं फोनवर सांगितलं. तू विचारलंस, "किती वाजता रं?" मी म्हणालो, दिवस मावळायच्या आधी. तू आठवून म्हणालीस, "तवा आमी निपाणीच्या स्टँडवर भजी खात हुतो." आणि एवढी हसलीस की मलाही हसू आवरेना. तिकडे तू गरम भजी खात होतीस, इकडे मी तुझ्या मरणाचं गार पाणी अंगावर घेत होतो. मग तू एकदम गप्प झालीस. फोन चालू होता, तुझ्या घरामागे कोंबडं ओरडत होतं. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो, जणू काही रेंजच गेली होती.

तुला मेलेली म्हणणाऱ्या घराचं पोट ज्या धंद्यावर चालतं तो धंदा तू दिलेला आहे, हे मी आप्पांना एकदा तरी सांगायला हवं होतं. मी बारावीला गटांगळी खाल्ली तेव्हा तू कॉम्प्युटर क्लासला जात होतीस. घरी कॉम्प्युटर कुठला? तू कॅलेंडरच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर कीबोर्ड काढलास, एकेका चौकोनात मराठी अक्षर घातलंस आणि मला त्या कागदावर टाइप करायला बसवलंस. मी चुकलो की पट्टी मारायचीस. कागदावर बोटं आपटून आपटून मी शिकलो. आज कोल्हापुरातल्या आपल्या मंगळवार पेठेत वाढदिवस असो, कुस्तीचं मैदान असो की मयत असो, डिजिटल बोर्ड माझ्याकडूनच होतो. "भावपूर्ण श्रद्धांजली" ही अक्षरं माझी बोटं न बघता टाकतात. पेठेतल्या कितीतरी माणसांना मी कमळ आणि समई घालून निरोप दिलाय. तुझा बोर्ड करायची वेळ आली तेव्हा काय झालं, ते पुढे सांगतो.

आधी माझं लग्न. तुझ्यानंतर पाच वर्षांनी मी अश्विनीला घेऊन आलो. ती दाजींच्याच जातीची. तीच जात, तसंच रजिस्टर लग्न, तीच चौकी, फक्त या वेळी तक्रार तिच्या वडिलांनी दिली होती. साहेब बदलला होता. त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "जबाबदारी घेतलीस, आता पोरीला नीट सांभाळ," म्हणाला. आणि अश्विनीकडे वळून, "बापाचा जरा तरी इचार केलास काय गं?" मी खुर्चीत बसलो होतो आक्का. दाजी उठले होते तसा मी उठलो नाही. मला तेव्हा ते सुचलंच नाही, इतकी ती खुर्ची मला माझी वाटली.

आप्पा दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. पण जेवायला शेजारी बसायचे आणि आईला सांगायचे, "त्याला भाकरी वाढ." तिसऱ्या महिन्यात त्यांनी हॉल घेतला, सगळ्या भावकीला तांबडा-पांढरा घातला. कुणीतरी कुजबुजलं तेव्हा मोठ्याने म्हणाले, "पोरगी आपल्यात आलीया. आता ती आपली." तुझ्या सासऱ्यांनीही गडहिंग्लजला हेच म्हणून तुला घरात घेतलं होतं. आणि अश्विनीच्या वडिलांनी पेठ वडगावात तिच्या नावाने आंघोळ केली, असं आम्हाला मागाहून कळलं. दोन्ही जातींत मेली ती पोरगीच. दाजी आणि मी पुरुष, आम्ही आपापल्या मांडवात हार घालून फोटोला उभे राहिलो.

त्याच दिवशी हॉलवर निघताना आप्पांनी आईला सांगितलं, "सुनंला द्यायला नवी कशाला? कपाटात हाय की एक पडून." आईने तुझ्या लग्नासाठी घेऊन ठेवलेली ती हिरवी साडी, लाल काठाची. आईने ती हॉलवर आणून अश्विनीच्या ओटीत घातली, आणि मी फोटोग्राफरला म्हणालो की हा फोटो नीट काढ.

दुसऱ्या दिवशी तुझा दुकानात फोन आला. "मटण कसं झालतं?" असं विचारलंस. मी म्हणालो, चांगलं झालतं. मग म्हणालीस, "सागऱ्या, माझं लगीन आन तुझं लगीन, फरक काय तेवढा सांग. मला खरंच कळंना झालंय." मी म्हणालो, "आप्पा आता मऊ पडल्यात. जरा दम धर." तू म्हणालीस, "मऊ पडल्यात तर मला बलीव की." मी पुन्हा म्हणालो, "दम धर आक्का." हाच आपला वाद, आणि तो कधी पुढे सरकलाच नाही. तुझी सई झाली तेव्हा दम धर. दाजींचा अपघात झाला तेव्हा दम धर. आईला मोतीबिंदू झाला आणि तुला तिला बघायचं होतं, तेव्हाही मी तेच म्हणालो. तू कधी चिडलीस तर म्हणायचीस, "मी मेलेली माणूस, मला कसली घाई?" ते तू चेष्टेत म्हणायचीस आणि मी हसून सोडून द्यायचो.

अजून एक गोष्ट तुला माहीत नाही. शेजारच्या गाळ्यात तीन वर्षांपूर्वी प्रवीण नावाचा पोरगेला झेरॉक्सवाला आला. चांगला आहे. चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "सागरभाऊ, तुमास्नी भावंडं?" मी म्हणालो, "एक बहीण हुती. मी ल्हान असताना वारली." त्याने चुकचुक केली. आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच सांगतात, ते माझ्याही तोंडात बसलं होतं. तो चहाचा कप खाली ठेवतो न ठेवतो तोच तुझा फोन आला आणि मी तुझ्याशी गवारीच्या भाजीवर बोलत बसलो.

आता त्या सोमवारचं. पहाटे दाजींचा फोन आला. दोन दिवसांचा ताप, मग दवाखाना, मग काहीच नाही. ते रडत नव्हते. म्हणाले, "सागर, दुपारी न्यायची हाय. माहेरची साडी लागती. न्हाई जमलं तर आमची आई देईल तिची, तसं काय अडत न्हाई. पर वैशाली म्हणायची, सागऱ्या आणंल." सवाष्ण बाईला शेवटची साडी माहेरची लागते, हे मला माहीत होतं. पेठेत कुणाची बायको वारली की तिचे भाऊ साडी घेऊन येईपर्यंत तिरडी थांबते, हे मी लहानपणापासून बघतोय. तुझी तिरडी माझ्यासाठी थांबणार होती.

मी अश्विनीला न्हाणीजवळ नेऊन सांगितलं. ती आत गेली आणि ती हिरवी साडी घेऊन आली. घडी मोडलेलीच नव्हती. "ही त्यांचीच हाय," ती म्हणाली. "मला आईंनी दुसऱ्या वर्षीच सांगितलंतं. म्हणून मी कधी नेसले न्हाई." एवढी वर्षं ती साडी आमच्याच कपाटात होती, अश्विनी का नेसत नाही हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. पुढच्या सोप्यात आप्पा पेपर वाचत होते. "कुठं निगालास एवढ्या सकाळचं?" मी पिशवी पाठीमागे धरली आणि म्हणालो, "गडहिंग्लजला. बोर्डाचं काम हाय." त्यांनी पान उलटलं. गडहिंग्लज म्हटल्यावर त्यांनी एकदा तरी वर बघायला हवं होतं, असं मला पूर्ण रस्ताभर वाटत राहिलं. मीही थांबून सांगायला हवं होतं, हे वाटायला मात्र कागल मागे पडावं लागलं.

तुझ्या दारात मांडव नव्हता, नुसती माणसं होती. बाया तुझ्याभोवती बसल्या होत्या. एका म्हातारीने मला अडवलं, "पावणं, कुटलं म्हणायचं तुमी?" मी म्हणालो, "कोल्हापूरस्नं आलोय." तिने पुन्हा विचारलं, "न्हवं, तिचं कोण लागता?" बावीस वर्षं मी तुझा कुणी नव्हतो, ते एका दिवसात कसं सांगायचं? दाजी आतून म्हणाले, "भाऊ हाय तिचा. सख्खा." त्याबरोबर सगळ्या बाया बाजूला सरल्या. मला वाट करून दिली. माहेरच्या माणसाला मान असतो ना, तो सगळा मान मला मिळाला. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला, कुणी माझ्या हातातली पिशवी दोन्ही हातांनी घेतली. एखाद्याने मला शिव्या घातल्या असत्या तर उभं राहणं सोपं गेलं असतं.

सईने साडीची घडी मोडली. ती तुझ्यासारखीच ओठ चावून बोलते. म्हणाली, "आईला हिरवा रंग आवडायचा न्हाई मामा. पर माहेरची म्हटल्यावर तिनं नेसली असती." मी तिला पहिल्यांदाच समोरासमोर बघत होतो. ती मला सहज "मामा" म्हणाली, जसं काही मी दर उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला आंबे खायला नेत होतो. तुझ्या अंगावर साडी घातली तेव्हा काठ उलटा आला होता, तो तिनेच सरळ केला. मी तुझ्या पायांना हात लावला. तुझे पाय आईच्या पायांसारखे दिसतात, आक्का. टाचा तशाच.

नदीवरून परत निघालो. मयताहून आलं की दारातच पाणी घेतात, अंगावर ओतून मगच घरात जातात. माझ्या मनात एकच, की आप्पा सोप्यात असणार आणि मी परड्यात आंघोळीला गेलो की विचारणार, कुणाचं मयत? म्हणून गावाबाहेर एका उसाच्या शेताकडेला मोटार चालू दिसली तिथे गाडी थांबवली. पाट भरून वाहत होता. शेतकरी बांधावर उभा होता. माझ्याकडे बघून त्याने आपणहून विचारलं, "मयतीस्नं आलासा व्हय पावणं? घ्या की हितंच. पाणी सोच्छ हाय." मी कपड्यांसकट पाइपाखाली बसलो. त्याने विचारलं, "कोण हुतं?"

"बहीण," मी म्हणालो.

"थोरली का धाकटी?"

"थोरली."

"आरारा," तो म्हणाला. "आई हाय का मागं?"

"हाय."

"मग आईकडं बगा आता. पोरीचं दुःख लई वंगाळ." एवढं बोलून तो मोटार बघायला गेला. "बहीण वारली" हे मी ज्या पहिल्या माणसाला खरं सांगितलं तो कोण, कुठला, मला माहीत नाही. मी तिथेच पाण्याखाली बसून रडलो. पाण्यात रडलेलं कुणाला कळत नाही, तेवढीही सोय मी करून घेतली.

कपडे गाडीवर वाऱ्याने वाळले, केस वाळले नाहीत. मी घरात शिरलो तसा आईने माझ्या डोक्याला हात लावला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला नीट दिसतं, पण तिने हातानेच बघितलं. "कोण गेलं रं?" मी म्हणालो, "वळकीचं हुतं." आपल्या घरात तुला मेलेली म्हणताना कधी कुणाची जीभ अडखळली नाही. तू खरीखुरी वारलीस आणि मला ते सख्ख्या आईला सांगता येईना. अश्विनी पुढे झाली. तिने आईचा हात धरला आणि म्हणाली, "आई, वैशालीताई."

आई रडली नाही. उठली, न्हाणीत गेली आणि तांब्याने पाणी घ्यायला लागली. सोप्यातून आप्पा ओरडले, "आता कोण न्हातंय ह्या वक्ताला?" मग त्यांना कळलं. आत आले, दारात उभे राहिले. "त्या नावाची आंघोळ कवाच झालीया ह्या घरात," म्हणाले. "एका माणसाची दोनदा करत न्हाईत."

आतून आईचा आवाज आला. "तुमी केलीसा. सागरनं केली. मी न्हवती केली." पाणी थांबलं. "तवा मी खांद्यावरनं घेतलं हुतं. डोस्क्याला थेंब लावला न्हाई. आत कोण बगाय आलतं मला? आज डोस्क्यावरनं घेती."

आप्पा मागे सरले. मी भिंतीला टेकून उभा होतो. तुझी आई बावीस वर्षं कोरड्या डोक्याने तुला जिवंत ठेवून होती, आणि तुझा भाऊ त्या दिवशी साबण शोधत होता. मला त्या क्षणी कुठेतरी जाऊन तोंड लपवावं असं वाटलं. मी घराखालच्या माझ्या दुकानात गेलो आणि एका वाढदिवसाचा बोर्ड पुरा केला.

लग्न झालेल्या लेकीचं सुतक माहेराला तीन दिवस म्हणतात, आईने बारा दिवस धरलं. तिने देवाजवळ दिवा लावला नाही. तेव्हा आप्पांनी ठरवलं की आपण लावायचा. त्यांना निरांजन कुठल्या फळीवर असतं ते माहीत नव्हतं. वात कशी भिजवायची तेही माहीत नव्हतं. दोनदा काडी विझली. आई चटईवर बसून बघत होती, तिने सांगितलं नाही. एका घरात अर्ध्या भागात सुतक आणि अर्ध्या भागात पूजा चालली होती. मी दोन्हीकडे जेवत होतो. आप्पा त्या दिवसांत जरा कमी जेवले, पित्त झालंय म्हणाले. याहून जास्त काही त्यांच्या नावावर लिहायची माझी इच्छा नाही.

परवा आई दुकानात आली. माझ्या दुकानात ती कधी येत नाही, जिना उतरताना गुडघे दुखतात तिचे. स्टुलावर बसली आणि म्हणाली, "बोर्ड कर तिचा." मी सईकडून फोटो मागवला. तू कुणाच्या तरी बारशात हसतेयस, तो. कमळ घातलं, समई घातली. तुझं नाव टाइप केलं तेव्हा मला कॅलेंडरच्या पाठीवरचा तो चौकोन दिसला, ज्यात तू "व" काढला होतास आणि त्यावर पट्टी मारली होतीस. मग खाली "शोकाकुल" आलं आणि माझ्या बोटांनी सवयीने आप्पांचं नाव टाकलं. आई एकेक अक्षर लावून वाचते. तिने ते वाचलं.

"ते पूस. त्यास्नी कुटं शोक झालाय?"

मी पुसलं. "मग काय घालू?"

"माझं घाल."

आणि आक्का, मी काय म्हणालो माहीत आहे? तुझ्याच फोटोसमोर बसून मी म्हणालो, "बायकांची नावं घालत न्हाईत गं शोकाकुलमधी. चिरंजीव, बंधू, समस्त परिवार, असं असतंय." इतके बोर्ड केले, एकावरही मी शोक करणारी बाई छापलेली नाही. रडतात त्या आणि नावं आमची, हे माझ्या हातून रोज होत होतं आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आईने माझ्याकडे बघितलं. "मेलेल्या बाईचं नाव चालतंय," ती म्हणाली, "जित्त्या बाईचं चालत न्हाई व्हय रं?"

मी तिचं नाव टाकलं. पूर्ण, तिच्या स्वतःच्या नावाने. मग विचारलं, "आन माझं?" ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. "तुजं तू बघ," म्हणाली आणि हळूहळू जिना चढून गेली. वर आप्पांच्या खुर्चीचा आवाज येत होता. मग फाइल होती तशीच प्रिंटला टाकली.

आज तुझं बारावं. सकाळी मी शिडी लावून कोपऱ्यावर, आपल्या खिडकीच्या बरोबर खाली, बोर्ड बांधला. प्रवीण शटर वर करून आला आणि उभा राहून वाचायला लागला. "सागरभाऊ, ही कोण?" त्याने विचारलं. मी म्हणालो, माझी बहीण. तो गोंधळला. "ती तर तुमी ल्हान असतानाच वारली म्हणालतासा की."

वर खिडकीत आप्पा खोकले. मी शिडीवर होतो, सुतळीचं टोक माझ्या दातात होतं. ते काढलं आणि वर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणालो, "खोटं बोललोतो. बारा दिस झालं वारली. तवर जित्ती हुती. गडहिंग्लजात हुती. मला फोन करायची."

प्रवीणने पुन्हा बोर्डाकडे बघितलं, खालच्या ओळीपर्यंत. बिचाऱ्याच्या मनात काही नव्हतं. "मग शोकाकुलमधी तुमचं नाव कसं न्हाई?" त्याने विचारलं.

मी शिडीवरून उतरलो. त्याच्या टेबलावरचा काळा मार्कर मागून घेतला, पुन्हा शिडी चढलो आणि आईच्या नावाखाली हाताने लिहिलं, "भाऊ सागर." कीबोर्डची सवय झालेला हात, अक्षर वाकडंतिकडं आलं. छापलेल्या नावाखाली ते मागाहून घुसवल्यासारखं दिसतं, लांबूनही कळतं. कळू दे आक्का. ते मागाहूनच लिहिलेलं आहे.